कोन, बाकी सोने

शनिवारी संध्याकाळी मी ताईच्या घरी पोचायचो, चपला काढून मायच्या खाटेजवळ जायचो, आणि माय माझ्याकडे पाहून एकच शब्द म्हणायची, "कोन."

अकोल्याच्या डाळ मिलमध्ये सहा दिवस भुकटी खायची, शनिवारी सुटी झाल्याबरोबर बस धरायची, मूर्तिजापूरपर्यंत उभं राहायचं, अमरावतीत उतरून ऑटोवाल्याशी हुज्जत घालायची, आणि एवढं सगळं करून जिच्या पोटी जन्मलो ती बाई विचारणार, कोण तू? आम्ही वऱ्हाडी माणसं बाणाच्या ण च्या नादी लागत नाही. पाणी आमच्याकडे पानी, आणि कोण म्हणजे कोन. त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती.

"मी आहो माय. तुहा पोरगा. अकोल्याचा."

"कोन," ती पुन्हा म्हणायची आणि वाकड्या झालेल्या ओठांनी हसायची. दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघून हसावं तसं ते मला वाटायचं. माझं डोकं फिरायचं. ताई दिसली की ती शांत होते, खिडकीत येणाऱ्या मांजरीला हात करून बोलावते, आणि मी तेवढा परका? पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, पण बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचो. ताईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ. तिला ते कळत होतं, कारण बादली कधी भरलेली नसायची.

मायला लकवा मारला त्याला तेव्हा चार महिने झाले होते. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे ती मुकी झाली असं नाही. बोलायची, भरपूर बोलायची, पण आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या बोलण्याच्या भागाला मार बसला आहे, असे बिनअर्थाचे शब्द येतात, सवय करून घ्या. सवय! जिच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकून असायची, जी भाजीवाल्याला "काहून रे, माती विकून राहिला का वांगे?" असं विचारायची, तिच्या तोंडून हे काय निघत होतं? अकोल्यात माझं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बायको दिवसभर शाळेत. ताई घरीच ब्लाउज शिवते, नवरा वारल्यापासून एकटीच आहे, घर तळमजल्यावर. म्हणून माय ताईकडे आणि मी शनिवार-रविवारचा मुलगा.

त्या सगळ्या बोलण्यातून आम्हाला दोनच गोष्टी समजत होत्या. एक ते "कोन". दुसरी, मी परत निघालो की ती म्हणायची ती. डावा हात हवेत, डोळे मोठे, आणि, "कोन… बाकी सोने." तोंड वाकडं असल्यामुळे सोने, सेने, मधलंच काहीतरी यायचं. पण बाकी स्वच्छ होतं, आणि बाकीच्या पुढे दुसरं काय असणार?

ताईनं याचा अर्थ लगेच लावला आणि स्वतःला जाळून घेतलं. मायच्या पाटल्या ताईच्या लग्नात ताईला गेल्या होत्या. माझ्या बायकोला एक मणी मिळाला नव्हता, आणि खरं सांगतो, आम्ही नवराबायको त्यावर कधी बोललोसुद्धा नाही. पण ताईच्या मनात ते कुठेतरी बसलेलं असावं. एका रविवारी मी निघायच्या वेळी मायनं तेच सुरू केलं, तशी ताई आत गेली, पेटीतून पाटल्या काढून आणल्या आणि मायच्या डाव्या हातात ठेवल्या.

"हे घे माय. दे याले. बाकी सोनं, बाकी सोनं, मी काय चोरून ठेवलं का तुह्यं सोनं?"

मायनं त्या पाटल्या फेकल्या. एक पलंगाखाली गेली. माय ओरडत होती, ताई भिंतीला टेकून रडत होती, आणि मी, एवढा मोठा घोडा, गुडघ्यांवर बसून पलंगाखाली पाटली शोधत होतो. बस सुटायची वेळ झाली होती. पाटली ताईच्या हातात दिली आणि निघालो. दारातून मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

ती भाषा आहे हे आम्हाला कळलं ते दवाखान्यातल्या बाकावर. त्या दिवशी मी रजा टाकली होती, फिजिओथेरपीसाठी नंबर लावून बसलो होतो. माय सारखी "डा, डा" करत होती. आम्हाला वाटायचं, दादा म्हणते, तिच्या मेलेल्या भावाला हाक मारते. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती, नवऱ्याला घेऊन मेळघाटातून आलेली. तिनं आपली बाटली उघडली आणि सरळ मायच्या तोंडाला लावली. माय घटाघटा प्याली.

"पानी मांगती ना," म्हातारी मला हिंदीत म्हणाली. "डा बोलती. कोरकू है क्या?"

मी म्हणालो, नाही हो, आम्ही चांदूर बाजारकडचे शेतकरी लोक. ती मायशी काहीतरी बोलली. आणि माय, चार महिन्यांत पहिल्यांदा, समोरच्याचं ऐकून त्यावर बोलली. मग म्हातारीचा नंबर आला, नवऱ्याला धरून ती आत गेली, आणि आम्ही आतून बाहेर आलो तोवर ते दोघं गावच्या गाडीला निघून गेले होते. चार महिने मायनं पाणी मागितल्यावर आम्ही तिला मेलेल्या मामाचा फोटो दाखवत होतो. ताईनं घरी येऊन तो फोटो भिंतीवरून काढला आणि पालथा ठेवला.

धाकटा मामा, मायचा सावत्र भाऊ, चांदूर बाजारात असतो. त्याला फोन केला. तो आधी टाळाटाळ करू लागला, मग म्हणाला, "हो ना बावा. आपला बाप जंगल खात्यात गार्ड होता तथी मेळघाटात. तुही आजी बाळंतपणातच गेली. एका कोरकू आदिवासी बाईनं वाढोलं तुह्या मायले. सात वर्साची झाली तवा आणली घरी. मराठीचा एक शब्द येत नोता तिले. लय मार खाल्ला तिनं त्याच्यापायी."

"मग आमाले काहून नाई सांगतलं कोनी?"

"तिनंच सांगू देलं नाई," मामा म्हणाला.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, होतं असं कधी कधी, नंतरची भाषा पुसली जाते आणि पहिली राहते. एवढ्या सहज म्हणाले की मला राग आला. पण त्यांच्याकडच्या फिजिओथेरपीच्या मुलीनं कामाची गोष्ट सांगितली. रविवारी सकाळी दहा वाजता एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत लोक एकमेकांना भाषा शिकवतात, फुकट. तिथे कोरकूचं पण टेबल असतं.

ते सुरू केलं होतं एका रिटायर्ड प्राध्यापक बाईंनी. त्यांची मुलगी जर्मनी आणि डेन्मार्कच्या सीमेवरच्या गावात राहते. तिथे म्हणे दोन्ही भाषांचे लोक आठवड्यातून एकदा जमतात, अर्धा तास याची भाषा, अर्धा तास त्याची, मध्ये घंटी. बाई तिकडे तीन महिने राहून आल्या आणि घंटी घेऊनच परतल्या. इथे जर्मनीला जाणाऱ्या नर्सेसचं एक टेबल, उर्दूचं एक, इंग्रजीवर तर झुंबड. खिडकीपाशी पुठ्ठ्यावर "कोरकू" लिहिलेलं टेबल आणि त्यामागे एकटीच बसलेली तिशीची एक बाई. धारणीकडची. अमरावतीत खोली करून सरकारी नोकरीच्या परीक्षेचा क्लास करत होती. दोनदा मराठीच्या पेपरात नापास झाली होती.

"मला मराठी व्याकरण पाहिजे," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुम्हाला काय पाहिजे?"

"माह्या मायशी बोलाचं आहे मले."

"मले नाही, मला," ती म्हणाली. "पुस्तकात मला आहे. तुम्ही शिकवणार की मी?"

आता गंमत अशी की मी व्याकरण शेवटचं पाहिलं ते दहावीत. आदल्या रात्री पोराचं जुनं पुस्तक वाचायचो आणि सकाळी तिच्यापुढे पंडित होऊन बसायचो. ती मला वेड्यात काढायची. पण माझ्या अर्ध्या तासात ती मला जीव लावून शिकवायची. डा म्हणजे पाणी. जोमे म्हणजे जेवणं. कासू म्हणजे दुखणं. मी वहीत लिहायचो आणि घरी येऊन मायवर प्रयोग करायचो. "माय, कासू?" म्हटलं की ती खांद्यावर हात ठेवायची. चार महिने खांदा दुखत होता आणि आम्ही गुडघ्याला तेल लावत होतो. ताई त्या दिवशी जेवली नाही.

पण त्यासाठी रविवारी सकाळी मला निघावं लागायचं. साडेनऊला मी शर्ट घालू लागलो की मायचं सुरू. "कोन, बाकी सोने. बाकी सोने." आवाज चढत जायचा. मी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणायचो, "तुहीच भाषा शिकाले जाऊन राहिलो ना माय, येतो दोन घंट्यात." दुपारी परत यायचो, जेवायचो, चार वाजता अकोल्याच्या गाडीसाठी उठलो की पुन्हा तेच. तिच्या वाट्याला माझा एक रविवार यायचा आणि त्यातली सकाळ मी तिथे घालवत होतो.

"बाकी सोने"चा अर्थ विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. ते तर मराठी होतं. कळत होतं. जे कळत नव्हतं तेच मी वहीत लिहून न्यायचो. आणि "कोन" विचारायचा तर प्रश्नच नव्हता, उलट ते कुणाला सांगायची मला लाज वाटायची. आई ओळखत नाही हे सांगायचं कसं?

सहावा की सातवा रविवार असेल. तिचा अर्धा तास चालू होता, शुद्धलेखन. मी शब्द सांगत होतो, ती लिहीत होती. बाण. लोणी. कोण.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"कोन."

"आता न नळाचा आला तुमच्या तोंडात. लिहायचं काय?"

"लिहाचं ण बाणाचा. बोलताना आमी कोनच म्हनतो."

ती हसली. "आमच्याकडे कोन म्हणजे पोरगा. तुम्ही लोक रस्त्यानं एकमेकाला कोन आहे, कोन आहे विचारता ना, मी पहिल्यांदा अमरावतीत आले तेव्हा मला वाटायचं, इतके सगळे आपले पोरगे शोधताहेत की काय."

मला हसू आलं नाही. "पोरगा म्हंजे? कुनाचाही पोरगा?"

"कुणाचाही कसा? आपला. आई हाक मारते ना, कोन. बेटा."

मी वही बंद केली. मग उघडली. मग तिला सांगितलं की माझी आई मला बघून दर वेळी हेच म्हणते, आणि मी निघालो की म्हणते, कोन, बाकी सोने.

तिनं पेन खाली ठेवलं. "सोने नाही म्हणत असतील. सेने म्हणत असतील."

"असन. तोंड वाकडं आहे तिचं."

"सेने म्हणजे जाणं. बाकी म्हणजे नको." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "बेटा, जाऊ नको."

घंटी वाजली. खोलीतल्या सगळ्यांनी भाषा बदलली, एकच कल्ला झाला. मी खुर्चीवरून उठलो ते सरळ जिन्यावरून खाली. ऑटोत बसल्यावर लक्षात आलं की वही वरच राहिली. मनात एकच चाललं होतं. या बाईनं मला एकदाही विचारलं नव्हतं की तू कोण. दर शनिवारी ती मला पोरा म्हणून हाक मारत होती, हसत होती, आणि मी तिला माझी ओळख करून देत होतो. आणि आज सकाळी साडेनऊला ती जाऊ नको म्हणत असताना मी तिच्या कपाळावर हात ठेवून निघून आलो होतो.

ताईला सांगितलं तेव्हा ती मशीनवर होती. तिनं पायडल थांबवलं. हातातलं ब्लाउज बाजूला ठेवून म्हणाली, "म्हंजे मले चोर नाई म्हनत होती ती." एवढं म्हणून जी रडायला लागली ती थांबेना. मी मायजवळ बसलो. ती म्हणाली, "कोन." मी म्हणालो, "हो माय, कोन." तिनं माझं मनगट धरलं. डाव्या हातात काय ताकद होती तिच्या!

त्या दिवशी चारची गाडी मी सोडली. सोमवारी मिलला फोन केला की बरं नाही. मंगळवारी मालकाचा फोन आला, तो उचलला नाही. ताई म्हणाली, "किती दिवस असा बसून राहशीन?" मला माहीत नव्हतं. पोराचं बारावीचं वर्ष, आणि या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार?

बुधवारी क्लास सुटल्यावर ती धारणीची बाई माझी वही द्यायला घरी आली. मी तिच्या हातापाया पडायचा बाकी होतो. म्हटलं, मायला एवढं समजावून सांगा की मी कामासाठी जातो, अकोल्याला नोकरी आहे, दर शनिवारी नक्की येतो. ती मायच्या खाटेवर बसली आणि दोघी बोलू लागल्या. माय असं बोलत होती, असं बोलत होती की मी आणि ताई दाराशी उभे राहून नुसते बघत राहिलो. एकदा तर माय खळखळून हसली. सहा महिन्यांनी ते हसणं ऐकलं. आणि आम्हाला त्यातलं काहीच समजत नव्हतं.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. चेहरा पडलेला.

"सांगितलं का?"

"सांगितलं. पण नाही समजत त्यांना." तिनं वही माझ्या हातात दिली. "तुमच्या आई सात वर्षांच्या पोरीसारखी कोरकू बोलतात. बकऱ्या, मोहाची फुलं, नदीवरचे खेकडे, सगळं सांगतात. पण नोकरी, शनिवार, अकोला, हे त्या पोरीला कुठे माहीत? मी म्हटलं, मुलगा पुन्हा येईल. त्या म्हणतात, पुन्हा येऊ म्हणून बाबा मला तिथून घेऊन आला, आम्ही परत कधी गेलोच नाही."

ताई आत चहा ठेवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी त्या बाईला सोडायला दारापर्यंत गेलो. ती जाताना म्हणाली, परीक्षा जवळ आली आहे, आता रविवारी जमणार नाही, पण अडलं तर फोन करा. नंतर मी दोनदा केला. दोन्ही वेळा तिनं फोनवरून मायशी बोलून पाहिलं. माय फोनकडे बघायची आणि माझा हात धरायची.

गुरुवारी मालकानं फोनवर माझ्या जागी दुसऱ्या माणसाचं नाव घेतलं तेव्हा मी अकोल्याला गेलो. माय म्हणाली, कोन, बाकी सेने. या वेळी मला प्रत्येक शब्द कळला आणि तरी मी गेलो. आधी कळत नव्हतं तेव्हा मी निदान निष्पाप होतो. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलो.

त्यानंतर मी रविवारचं वाचनालय सोडलं. पूर्ण रविवार तिच्याजवळ बसतो. आणि भेकडासारखी एक युक्ती काढली. तिला दुपारी जेवणानंतर झोप लागते. ती झोपली की निघायचं, म्हणजे तिला म्हणावं लागणार नाही आणि मला ऐकावं लागणार नाही. ताईला हे पटत नाही, उठल्यावर तिलाच निस्तरावं लागतं. पण तिच्याकडेही दुसरा उपाय नाही.

मागच्या रविवारी तिला घास भरवला, तोंड पुसलं, उशी सारखी केली. ती झोपली. मी पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या, पाय न वाजवता दारापर्यंत गेलो आणि का कोण जाणे, वळून पाहिलं. माय जागी होती. माझ्याकडेच बघत होती. हातातल्या चपलांकडे पाहिलं तिनं, मग माझ्याकडे. मी थांबलो. वाटलं, आता म्हणेल. म्हणू दे, म्हणालीच तर आज नाही जायचं, जाऊ दे ती नोकरी खड्ड्यात.

ती काही म्हणाली नाही. तिनं सावकाश डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे, आणि मी बाहेर पडेपर्यंत उघडले नाहीत.